सातबाऱ्याची राखण

बाळा,

परवा तू नवी पिकअप घेऊन दारात आलास. चारही चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूची माळ, हातात पेढ्यांचा पुडा. मी गाडीला ओवाळलं, पेढा खाल्ला आणि विचारलं, "पॉलिसी कुठंय?" तू म्हणालास, "असंल की आत्या, एजंटाकडं." त्या 'असंल की'नं माझी रात्रीची झोप घालवली. म्हणून हे लिहायला बसले.

विमा कंपनीच्या क्लेम खात्यात मी बत्तीस वर्षं काढली, तीही बहुतेक मोटार अपघातांच्या फायलींवर. माझ्या टेबलापुढं दोन तऱ्हेची माणसं येऊन बसायची. एक, ज्यांचं माणूस गाडीखाली गेलं. दुसरी, ज्यांच्या गाडीखाली ते गेलं. या दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांनी पॉलिसी घेतलेली असायची, पैसे भरलेले असायचे, पण आपण नेमकं काय विकत घेतलं हे त्यांना पहिल्यांदा माझ्या टेबलावर कळायचं. तुला ते आजच कळावं.

पहिलं : पॉलिसी गाडीची नसते

आपण 'गाडीचा इन्शुरन्स' म्हणतो आणि तिथंच चुकतो. पॉलिसीचे दोन भाग असतात. एक भाग तुझ्या पत्र्याचा. गाडी ठोकली, चोरीला गेली, जळली, तर तो कामाला येतो. 'फुल इन्शुरन्स', 'झिरो डेप' असं जे एजंट घोळून घोळून सांगतो, ते सगळं या पत्र्याबद्दल असतं. तो भाग घ्यायचा की नाही हे कायद्यानं तुझ्यावर सोडलं आहे. कर्ज देणारी बँक सोडत नाही, ती गोष्ट वेगळी.

दुसरा भाग थर्ड पार्टीचा. करारात पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा पक्ष विमा कंपनी, आणि तिसरा पक्ष म्हणजे रस्त्यावरचं बाकीचं जग. सायकलवरची शाळकरी पोर, बाजाराला निघालेली म्हातारी, समोरून येणारा मोटरसायकलवाला, कुणाच्या घराची भिंत, कुणाचं दुकान. तुझ्या गाडीनं त्यांचं जे नुकसान होईल, ते भरून द्यायची जबाबदारी मुळात मालकाची. ती कंपनीनं उचलावी म्हणून हा भाग. तो मात्र सक्तीचा आहे. आपल्याकडं ही सक्ती १९४६ सालापासून आहे, आणि आता १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६व्या कलमात ती लिहिलेली आहे. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडलास तर दंड चार हजार.

लोक या दोन हजारांना भितात. भ्यायची जागा ती नाही.

दुसरं : एकदा हिशेब करून बघ

अपघातात माणूस गेला तर कोर्ट भरपाई कशी काढतं हे मी तुला वहीवर मांडून दाखवते. आकडे मी मनाचे घेतले आहेत, रीत सुप्रीम कोर्टाची आहे. २००९ आणि २०१७ सालच्या निकालांनी ती घालून दिली.

समज, पस्तीस वर्षांचा गवंडी आहे. महिन्याला पंधरा हजार मिळवतो. मागं बायको, दोन पोरं आणि आई. वर्षाचे झाले १,८०,०००. माणूस जगता तर त्याची कमाई वाढली असती, म्हणून चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या माणसाला चाळीस टक्के वाढवून धरतात. झाले २,५२,०००. त्यातला काही पैसा त्यानं स्वतःवर खर्च केला असता. मागं चार खाणारी तोंडं असली की तो चौथा हिस्सा धरतात. तो वजा केला, उरले १,८९,०००. आता वयाप्रमाणं गुणक. एकतीस ते पस्तीस वयाला तो सोळा आहे. १,८९,००० गुणिले १६, म्हणजे ३०,२४,०००.

वर अंत्यविधीचा खर्च, बायकोपोरांच्या आणि आईच्या दुःखापोटी काही रक्कम, आणि दावा दाखल केल्या दिवसापासूनचं व्याज. कोर्टाची पायरी उतरेपर्यंत आकडा कुठं गेलेला असतो ते तूच बघ. आणि हा गवंडी होता. त्या जागी इंजिनिअर असता तर?

म्हणून थर्ड पार्टीमध्ये मरण आणि जखम यांना कमाल रक्कम लिहिलेली नसते. कोर्ट ठरवील ती कंपनी भरते. तुझ्या पिकअपसारख्या, साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टीचा सरकारी दर २०२२ साली १६,०४९ रुपये ठरला होता. तो ऐकून तुझ्या तोंडाला कोरड पडते, पण तीस लाखांच्या शेजारी ठेवून तो वाच.

यातच एक छोटी खूण सांगते. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. त्यामुळं तो सगळ्या कंपन्यांचा सारखाच. सूट मिळते ती पत्र्याच्या भागात. कुणी तुला थर्ड पार्टीच निम्म्या पैशात देत असेल, तर त्या कागदावर कंपनीचा शिक्का खरा आहे का ते आधी तपास. बनावट पॉलिसी छापणारे लोक आहेत. पॉलिसीवरचा क्यूआर कोड मोबाइलनं स्कॅन कर, कंपनीच्या साइटवर नंबर टाकून बघ. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरं : बोजा कुठं चढतो ते ध्यानात ठेव

पॉलिसीची अट मोडली म्हणून कंपनी सुटली आणि भरपाई मालकावर आली, की पुढं काय होतं? अपघातांचे दावे चालवणारं न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडं दाखला पाठवतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. कलम १७४. शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ एकच. सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, बोजा.

आता तुझी गोष्ट. गाडी चालवतोस तू, पण कर्ज मिळावं म्हणून घेतलीय दादाच्या नावावर. कायद्याच्या नजरेत आरसी बुकावर ज्याचं नाव, तो मालक. म्हणजे तुझ्या हातून काही झालं तर पहिला माणूस दादा, आणि त्याच्या मागं तासगावकडची सव्वादोन एकर बाग. विमा त्या बागेचा आहे, बाळा. पिकअप नुसतं निमित्त.

इथून पुढं जे सांगते ते सगळं त्या बागेभोवतीचं कुंपण. कुठं कुठं ते तुटतं, तेवढं बघ.

चौथं : हौद्यात माणूस घ्यायचा नाही

हे मी सगळ्यात आधी लिहिणार होते, पण वरचं समजल्याशिवाय याचं वजन कळलं नसतं.

माझ्या नोकरीतली, मला आजही न विसरता आलेली फाइल एका टेम्पोची आहे. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गल्लीतली माणसं निघाली. शेजारधर्म म्हणून टेम्पोवाल्यानं डिझेलपुरते पैसे घेतले आणि हौद्यात सतरंजी अंथरली. घाटात टेम्पो पलटी झाला. माणसं गेली, काही कायमची अधू झाली. टेम्पोची पॉलिसी चालू होती, प्रीमियम भरलेला होता, लायसन बरोबर होतं. तरीही कंपनीवर जबाबदारी आली नाही, कारण मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेला प्रवासी पॉलिसीत बसत नाही. सुप्रीम कोर्टानं फुकट प्रवाशांबद्दल हे २००२च्या डिसेंबरातच स्पष्ट केलं होतं, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या मजकुरातच तसं आलं आहे. तो मालक माझ्यासमोर सातबाऱ्याचा उतारा घेऊन बसला होता. रागावला नाही, भांडला नाही. एवढंच विचारलं, "बाई, मग मी पैसे कशाचे भरले?"

त्याला जे उत्तर मी तेव्हा दिलं नाही, ते तुला देते. पैसे मालाच्या गाडीचे भरले. माणसांच्या गाडीचे नाहीत.

कोण बसतो ते नीट ऐक. ज्याचा माल आहे तो, किंवा त्यानं मालाबरोबर पाठवलेला त्याचा माणूस, केबिनमध्ये, आरसीवर जेवढ्या सीट लिहिल्या आहेत तेवढ्यातच. द्राक्षाच्या क्रेटबरोबर बागायतदार वाशी मार्केटला आला, चालेल. तोच क्रेटवर झोपून आला, तर नाही. भरायला-उतरवायला हमाल नेणार असशील तर त्यांच्यासाठी जादा प्रीमियम भरून पॉलिसीत तशी नोंद करून घे. थोडक्या पैशांचं काम आहे, पण एजंट आपण होऊन सांगत नाही.

लग्नाचं वऱ्हाड, यात्रा, सभा, मयत. यातल्या कशालाही 'नाही' म्हणायला जीभ जड होते. माझं नाव सांग. म्हण, आत्यानं शपथ घातलीय.

ट्रॅक्टरवाल्या मित्रांनाही सांग. ट्रॅक्टरला सीट एकच, चालवणाऱ्याची. मडगार्डवर बसलेला माणूस पॉलिसीत नाही. ट्रॉलीचा विमा वेगळा दाखवावा लागतो. आणि शेतीच्या ट्रॅक्टरवर विटा, वाळू भाड्यानं वाहिली, तर कंपनीला हरकत घ्यायला आयतंच कारण मिळतं.

पाचवं : मालमत्तेचा आकडा वाच

माणसाच्या बाबतीत मर्यादा नाही म्हटलं, पण वस्तूंच्या बाबतीत आहे. दुसऱ्याची गाडी, भिंत, दुकान, विजेचा खांब यांच्या नुकसानीला मालवाहू गाडी आणि खासगी मोटार दोन्हींना साडेसात लाखांपर्यंत विमा असतो. दुचाकीला एक लाख. पॉलिसीच्या कागदावर 'टीपीपीडी' अशी अक्षरं शोध.

आता खोच अशी, की ही मर्यादा सहा हजारांवर आणून प्रीमियममध्ये शे-दोनशे रुपये वाचवायची मुभा आहे. फॉर्मवर एक खूण केली की झालं. 'तुमचे पैसे वाचवले' म्हणून एजंट वर चहाही पितो.

असाच एक टेम्पो रस्ता सोडून द्राक्षबागेत शिरला. माणसाला खरचटलंही नाही. पण कोपऱ्याचा अँगल उखडला, तारा सैल पडल्या आणि काढणीला आलेल्या मालाच्या वजनानं मांडवाच्या ओळी एकापाठोपाठ एक बसत गेल्या. तू बागायतदाराच्या घरातला, किती लाखांचं नुकसान ते मी तुला सांगायला नको. टेम्पोमालकाच्या पॉलिसीत आकडा होता सहा हजार. बाकी सगळं त्यानं पदरचं भरलं.

आणखी एक. 'दुसऱ्याची मालमत्ता' म्हणजे खरोखर दुसऱ्याची. मागं घेताना तू आपल्याच गोठ्याची भिंत पाडलीस, तर या भागातून काही मिळत नाही. आणि तुझ्या हौद्यात भरलेला व्यापाऱ्याचा माल? तो तुझ्या ताब्यात आहे, म्हणून तोही यात येत नाही. क्रेट रस्त्यावर सांडले तर व्यापारी तुझ्याकडं बोट दाखवणार. त्याला मालाचा वेगळा विमा लागतो. भाडं ठरवताना तो कोण उतरवणार हे आधी बोलून घे.

सहावं : लायसन, परमिट, फिटनेस

आमच्या खात्यात तीन शब्द फार चालायचे, 'पे अँड रिकव्हर'. मालकानं पॉलिसीच्या अटी मोडल्या असल्या तरी मेलेल्याच्या बायकापोरांनी उपाशी का राहावं? म्हणून कोर्ट कंपनीला सांगतं, आधी तुम्ही त्यांचे पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. वारसांना न्याय मिळतो. आणि मग कंपनी वसुलीला दादाच्या दारात येते.

हे होऊ नये म्हणून तीन कागद जपायचे. लायसनची मुदत, परमिट, फिटनेस. परमिट नसताना गाडी रस्त्यावर आणणं ही साधी चूक नाही, अटीचा मूळ भंग आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ साली सांगितलं आहे. लायसनबद्दल मात्र तू निश्चिंत राहा. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी हलक्या मोटार वाहनाच्या लायसनवर चालवता येते. यावर वर्षानुवर्षं वाद चालला, आणि २०२४च्या नोव्हेंबरात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो मिटवला.

उद्या धंदा वाढला आणि ड्रायव्हर ठेवलास, तर त्याचं लायसन स्वतःच्या डोळ्यांनी बघ, सरकारी अॅपवर नंबर टाकून खात्री कर, झेरॉक्स ठेव आणि त्याला चालवायला लावून बघ. मालकानं एवढी काळजी घेतली असेल, तर पुढं ते लायसन खोटं निघालं तरी कोर्ट मालकाला सांभाळून घेतं. आणि धाकट्याला, अजून अठरा पूर्ण नसलेल्याला, 'जरा बाजूला लाव रे' म्हणून किल्ली द्यायची नाही. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द.

सातवं : तू स्वतः तिसरा पक्ष नाहीस

हे कुणालाच सुचत नाही. सगळ्या जगाचा विमा उतरला, पण चालवणाऱ्याचं काय? तुझ्याच चुकीनं गाडी झाडावर गेली, तर तू कुणावर दावा लावणार? मालकासाठी पंधरा लाखांचा अपघात विमा पॉलिसीबरोबर असतो. पण तो आरसीवर नाव असलेल्या मालकाला, आणि त्याच्याकडं लायसन असेल तरच. दादाकडं लायसन नाही. तुझं आरसीवर नाव नाही. म्हणजे आज तुमच्या घरात हा पंधरा लाखांचा विमा कुणालाच लागू नाही!

मित्राची मोटरसायकल मागून नेणाऱ्या पोरांचंही असंच. मालकाकडून गाडी मागून घेतली की तू त्याच्या पायताणात पाय घातलास. स्वतःच्या चुकीनं पडलास तर त्या गाडीच्या थर्ड पार्टीतून मिळत नाही. आणि दुचाकीवर मागं बसणारा नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत धरत नाहीत, दोन्ही भाग असलेल्या पॅकेज पॉलिसीत धरतात. म्हणून बायकोला मागं बसवणाऱ्यानं थर्ड पार्टीवर भागवू नये.

तुला मार्ग सांगते. स्वतःच्या नावावर वेगळी व्यक्तिगत अपघात पॉलिसी काढ. या आठवड्यात.

आठवं : तारीख

पॉलिसी संपते त्या तारखेच्या मध्यरात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अपघात झाला आणि दहाला पैसे भरले, तर त्या सातच्या अपघाताला कुणी वाली नाही. पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते, ती वाच. चेकनं पैसे दिलेस तर तो वटला का बघ. चेक परत गेला आणि अपघाताआधीच कंपनीनं पॉलिसी रद्द करून कळवलं असलं, तर कंपनी सुटते.

नवी मोटार घेताना तीन वर्षांची आणि दुचाकी घेताना पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते, २०१८च्या सप्टेंबरपासून. मालवाहू गाडीला ती सोय नाही, तिचं दरवर्षी. कालनिर्णयावर आजच गोल कर, आणि संपायच्या पंधरा दिवस आधीच्या तारखेवर कर.

नववं : अपघात झालाच तर

देव करो आणि न होवो. पण झाला तर पळायचं नाही. जमाव अंगावर येतोय असं वाटलं तर सरळ पोलीस ठाण्यात जा, पण जखमीला टाकून घरी जाऊ नकोस. १०८ला फोन, ११२ला फोन. मे २०२५पासून केंद्राची योजना आहे. नेमून दिलेल्या दवाखान्यांत अपघातातल्या जखमीवर पहिले सात दिवस दीड लाखांपर्यंत पैसे न घेता उपचार होतात. डॉक्टरांना तिची आठवण करून दे. चोवीस तासांच्या आत पोलिसांना सांग, आणि कंपनीला त्याच दिवशी कळव. फोन केलास तरी मागाहून लेखी दे आणि पोच घे.

आता गावातली रीत. चार माणसं जमतात, 'कोर्टकचेरी कशाला, बसून मिटवू' म्हणतात, स्टॅम्पपेपर येतो. त्यावर 'माझ्या चुकीनं अपघात झाला, मी अमुक रक्कम देईन' असं लिहून द्यायचं नाही. पॉलिसीतच अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैसे कबूल करायचे नाहीत. शिवाय असा कागद झाल्यावरही दावा लागतो तो लागतोच. माणूस म्हणून दवाखान्यात जा, रक्त दे, डबा पोचव. सही मात्र करू नकोस.

दहावं : समन्स उशाखाली ठेवायचं नाही

काही महिन्यांनी न्यायाधिकरणाचं समन्स येतं. पुष्कळ मालक ते घडी करून देव्हाऱ्यामागं ठेवतात. 'विमा आहे, कंपनी बघेल.' आणि कंपनी खरंच बघते, पण स्वतःचं! तिचा वकील म्हणतो, लायसन नव्हतं, परमिट नव्हतं. ते होतं हे दाखवायला मालक कोर्टात हजरच नसतो. घरात लायसन, परमिट सगळं जागच्या जागी असताना केवळ हजर न राहिल्यानं बोजा चढलेले मालक मी पाहिलेत.

उलट एक म्हातारा ट्रॅक्टरवाला आठवतो. समन्स मिळालं त्याच दिवशी एसटीनं आला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पॉलिसी, आरसी, पोराचं लायसन, पंचनाम्याची नक्कल, सगळं. त्याला सही नीट येत नव्हती, पण कोणता कागद कशाचा हे पाठ होतं. निकाल लागला, अठरा लाख कंपनीनं भरले. तो पुन्हा कधी आमच्या ऑफिसात आला नाही, कारण त्याला यायचं कारणच उरलं नव्हतं.

अकरावं : गाडी विकताना

नाव बदलायच्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, किल्ली दिली, म्हणजे गाडी विकली असं नाही. आरटीओच्या दप्तरात नाव बदलेपर्यंत मालक दादाच. २०१८ साली सुप्रीम कोर्टापुढं अशीच गाडी होती. विकली, पुढं आणखी विकली, नाव मात्र पहिल्याचंच. जबाबदारीही त्याच्यावरच आली. म्हणून विकल्यावर नाव बदलल्याचा कागद हातात आल्याशिवाय गप्प बसू नकोस. जुनी गाडी घेशील तेव्हा उलट बाजूनं बघ. थर्ड पार्टी नव्या मालकाकडं आपोआप जाते, पण चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव चढवून घ्यायचं. पत्र्याचा भाग तसा आपोआप जात नाही.

बारावं : उलट बाजूला आपण असलो तर

रस्त्यावर नेहमी आपणच स्टिअरिंगवर नसतो. आपलं माणूस कुणाच्या गाडीखाली आलं तर, चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर जखमेला अडीच लाख मिळायची तरतूद २०२२च्या एप्रिलपासून आहे. पण ते स्वीकारले की मोठ्या भरपाईचा दावा तिथंच संपतो, म्हणून दुःखाच्या घाईत त्यावर सही करू नये. आधी वर केला तसला हिशेब करावा, वकिलाला विचारावं. मोठा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. आणि ठोकणारा पळून गेला, गाडीचा पत्ताच नाही, तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठी प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत अर्ज करायचा.

बत्तीस वर्षांत टेबलापुढच्या त्या दोन तऱ्हेच्या माणसांमध्ये मला एकच फरक दिसला. एकाचं माणूस गेलेलं असायचं, त्याला कुठलाच कागद परत आणू शकत नव्हता. दुसऱ्याची जमीन जायची, आणि तिला कागद राखू शकत होता. ज्या जमिनी गेल्या त्यातल्या बहुतेक एखाद्या साध्या 'असंल की'पायी गेल्या.

रविवारी ये. एजंटाकडून पॉलिसी घेऊन ये, नुसतं पहिलं पान नको, अटींसकट सगळी. चष्मा लावून पानापानावर खुणा करून देते. दादालाही आण. नाव त्याचं आहे, त्यानंही ऐकलं पाहिजे.

तुझी,
आत्या